व्यक्ती पाहिजे

"म्हणजे बाई, मी आता वॉचमन राहिलो नाही म्हणा की," नवी सूचना फाटकावरच्या फळ्यावर लावता लावता वॉचमन म्हणाला.

"तुम्ही आता सुरक्षा कर्मचारी," टायपिस्ट बाई म्हणाल्या.

"आणि पगार?"

"तोच."

"मग वॉचमनच बरा होतो. हाक मारायला सोपं."

बाई हसल्या. खोक्यांच्या या कारखान्यात त्या चिकटल्या तेव्हापासून प्रत्येक सूचना 'कामगार बंधूंनो' अशीच सुरू व्हायची. पॅकिंगमध्ये दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या बायका ती मुकाट्याने वाचायच्या. त्या कुणाच्या खिजगणतीतच नव्हत्या. आता हेड ऑफिसचा आदेश आला होता, की सगळं लिखाण बाई-पुरुष दोघांनाही धरून हवं. बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, बाईंनी मात्र कंबर कसली. 'बंधूंनो' खोडून 'सहकाऱ्यांनो' लिहिताना त्यांना कोपऱ्यातली जळमटं काढल्यासारखं वाटायचं. अकाउंटंट रोज चिडवायचा, "बाई, बायकोला आता काय म्हणू? सहचर व्यक्ती?"

"म्हणून बघा, आणि जेवायला मिळालं का ते उद्या सांगा."

मग रात्रपाळीच्या शिफ्ट इन्चार्जची जाहिरात निघाली. आधीच्या जाहिरातीत 'अनुभवी पुरुष पाहिजे' होतं. बाईंनी 'अनुभवी व्यक्ती पाहिजे' असं टाइप केलं. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या बाईंनी ही गोष्ट वन्संना सांगितली. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून त्या यांच्याकडेच राहायच्या आणि दोऱ्याच्या गिरणीत जायच्या. तिथे सगळं खातं त्या एकट्या सांभाळायच्या, पण कागदोपत्री अजून मदतनीसच होत्या.

"व्यक्ती म्हणजे बाईसुद्धा?" वन्संनी विचारलं.

"अहो, मीच लिहिलंय ते."

"तू लिहिलंस गं. पण घेतील का?"

"घ्यायचं नसतं तर लिहू दिलं असतं का?"

हे वाक्य बाईंना पुढे फार महाग पडलं. वन्संनी अर्ज केला, पण मुलाखतीच्या दिवशी गिरणीत रजा मिळेना. मुकादम म्हणाला, जायचं असेल तर कायमचीच जा. वन्सं कधी कुणाला उलटून बोलल्या नव्हत्या, पण त्या दिवशी "बरं, जाते" म्हणून निघून आल्या. त्यांना इतका धीर बाईंनीच दिला होता.

मुलाखतीला बाकी सगळे पुरुषच होते. केबिनचं दार नीट लागत नसे, त्यामुळे बाहेर टाइप करणाऱ्या बाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"तुमचा अनुभव चांगलाच आहे हो," साहेब गोड आवाजात म्हणाले. "पण ही रात्रपाळी. ट्रकवाले येतात, हमाल असतात. बायकांचं स्वच्छतागृहसुद्धा रात्री बंद असतं."

"त्याची किल्ली माझ्याकडे द्या," वन्सं म्हणाल्या.

कुणीतरी हसलं.

"तसं नसतं ते."

"मग बाहेर व्यक्ती का लिहिलंत?"

"वरून आदेश आहे. सगळीकडे हल्ली तसंच लिहितात. त्याचा एवढा अर्थ काढायचा नसतो."

वन्सं बाहेर आल्या. बाईंच्या टेबलाशी क्षणभर थांबून म्हणाल्या, "संध्याकाळी वेळेवर ये. भाजी मी चिरून ठेवते."

गिरणीने दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई घेतली. वन्सं सवयीने पहाटे उठायच्या, आवरायच्या आणि खुर्चीत नुसत्या बसून राहायच्या. भाऊ म्हणाला, "ताई, आता आराम कर," तेव्हा त्या उठून आत निघून गेल्या.

"वन्सं, माझ्यावर चिडा तरी," शेवटी बाई म्हणाल्या.

"चिडू कशाला? तू काही खोटं बोलली नाहीस. तुला ते खरं वाटलं होतं, एवढंच."

वन्संनी चार शब्द सुनावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

निवडलेला माणूस काही टिकला नाही. रात्रीची जागरणं झेपत नाहीत म्हणून त्याने सोडलं. साहेबांनी दारातूनच सांगितलं, "बाई, तीच जाहिरात परत लावा."

बाई यंत्रापुढे बसल्या. किती हौसेने त्यांनी तो शब्द लिहिला होता, याची त्यांना आता लाज वाटली. त्यांनी लिहिलं: रात्रपाळीसाठी शिफ्ट इन्चार्ज पाहिजे. या जागेवर बायकांना घेत नाहीत.

कागद सहीला न नेता त्यांनी तो स्वतःच फाटकावर नेऊन लावला.

दुपारी केबिनमधून हाक आली. आवाजावरूनच प्रकरण साहेबांपर्यंत पोचल्याचं कळत होतं. अकाउंटंटने मान वर केली आणि परत वहीत घातली.

"बाई, हे काय लिहिलंत? आदेश माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मग बदला ते."

"आधी आतलं बदला साहेब. बाहेरचं मी लगेच बदलते."

"नोकरी करायची आहे ना?"

वन्संची नोकरी गेलेली, आता ही गेली तर घर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर. बाईंनी नजर वर केली. साहेबांच्या मागच्या खिडकीतून फाटक दिसत होतं. फळ्यापुढे एक बाई उभी होती, हातात फाइल, गळ्यात दुसऱ्याच कुठल्यातरी कारखान्याचं ओळखपत्र. तिने कागद वाचला, परत एकदा वाचला. फाइल पिशवीत टाकली, घड्याळ बघितलं आणि आल्या वाटेने जवळजवळ पळतच निघाली.

"बाई, मी तुमच्याशी बोलतोय."

"हो साहेब," बाई म्हणाल्या. ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. तिच्या कामावर ती वेळेत पोचेल, असं त्यांना वाटलं.