‘थांब’ सांगणारी पिन

मित्रांनो, तो मंगळवार अगदी साधा होता. दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर मी उघडी पडले होते. माझे स्क्रू बाटलीच्या झाकणात ठेवले होते आणि मी घाबरले होते. मी टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राची एक जुनी कॅसेट आहे.

माझ्या पोटात गणितं सोडवणारी एक चिप आहे. तिचं स्वतःचं घड्याळ आहे, नखाएवढा क्रिस्टल. यंत्राचं घड्याळ वेगळं. दोघांची टिकटिक कधीच जुळत नाही. म्हणून गणित चालू असेपर्यंत माझी एक पिन यंत्राला ‘थांब’ सांगते. काम झालं की ती गप्प होते आणि यंत्र उत्तर उचलतं.

दुकान बाबांचं. त्यांची मुलगी सात वर्षांची असताना त्यांनी मला तिच्यासाठी आणलं. माझ्या खेळातले डोंगर पडद्यावर बघायला शेजारपाजारची पोरं गोळा व्हायची. पुढे ती मोठी झाली आणि मी खोक्यात गेले. आता बाहेर काढलं, तर डोंगर अर्धेच उमटत होते. माझं उत्तर पुरं होण्याआधीच यंत्र ते उचलत होतं. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

बाबा माणसांशी बोलताना अडखळत, माझ्याशी मात्र सरळ बोलत. “घाबरू नकोस गं, सापडलंय,” ते म्हणाले. तेवढ्यात मुलगी कामावरून आली.

“घाईबाई, हिची व... व...”

“वेग कमी पडतोय. कळलं. जास्त वेगाचा क्रिस्टल टाकू.”

“नाही, हिची व...”

“बाबा, तुमचं वाक्य संपेपर्यंत दुकान बंद करायची वेळ होईल,” ती हसत म्हणाली. तेही हसले आणि गप्प बसले.

बुधवारी सकाळी त्यांचं हृदय बंद पडलं.

तीन आठवडे शटर खालीच होतं. माझ्या उघड्या पोटावर धूळ बसली. बाहेर भंगारवाल्याची हाक आली की मला वाटे, आता माझीच पाळी.

मग एका दुपारी ती आली. तिने माझा क्रिस्टल काढला आणि दुसरा, वेगवान बसवला. यंत्र सुरू झालं. मी तापले, धावत सुटले. सोपं चित्र नीट आलं. नंतर मोठा डोंगर आला आणि पडदाभर चिंध्या झाल्या. तिने मला उपसून काढलं. कचऱ्याची पेटी तिच्या पायाशीच होती.

पण तिने भिंग घेतलं. एकेक पिन हलवून पाहिली. ‘थांब’ सांगणारी पिन ज्या कथलाच्या डागाने जोडली होती, त्याला केसाएवढी चीर होती.

तिने भिंग खाली ठेवलं.

“हिची,” ती पुटपुटली. “वेग असता तर ‘हिचा’ म्हणाले असते. हिची वाट बघितली जात नाहीये, असं सांगत होते.”

तिने माझा जुना क्रिस्टल परत बसवला, चिरेवर नवा डाग दिला. डोंगर पुरे उमटले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मित्रांनो, मी आजही भिते. डाग पुन्हा चिरेल, माझं अर्धंच उत्तर कुणी उचलून नेईल. एवढंच मागते, कुणाला वेळ लागत असेल तर लागू द्या.

तिने बाबांचं स्टूल ओढून आपल्यासमोर ठेवलं. रिकाम्या स्टुलाकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

“बाबा, बोला तुम्ही. मी मध्ये नाही बोलणार.”