दार फुगलं नव्हतं

वर.

मागच्या खोलीचं दार फरशीला घासायला लागलं, तेव्हा सुतार हसला. लाकूडच ते, हवा दमट झाली की फुगायचंच. त्याने दार उतरवलं, खालची कड रंध्याने दोन सूत तासली आणि पुन्हा बिजागऱ्यांवर चढवलं.

"सुताराच्याच घरचं दार कुरकुरतंय," बायको म्हणाली. "लोकांना कळलं तर कामं बंद होतील."

"तू सांगितल्याशिवाय कशाला कळतंय!"

आत लेक तान्ह्या बाळाला थोपटत होती. महिनाभरासाठी माहेरी आली होती ती.

खाली.

चुनखडक. पहारीला दाद देत नाही, पाण्यापुढे मात्र हार खातो. पावसाचं पाणी पाल्यापाचोळ्यातून, मातीतून झिरपताना किंचित आंबट होतं. खडकाला तेवढं पुरतं. आधी भेग. भेगेची नळी. नळीची पोकळी. ह्याच पाण्याने गावाभोवतीचे सुळके कोरले, शेतांत वाट्यांसारखे खळगे पाडले. गावची नदी एका कपारीत शिरते ती तीन कोसांवर उजेडात येते. मधली कुणी पाहिलेली नाही.

वर.

आठवड्याने दार पुन्हा घासलं. ह्या खेपेला एकाच कोपऱ्यात. त्याने तेवढाच कोपरा तासला.

बायकोचा भाऊ विहिरी खणायचा. तो ओट्यावर चहा पीत बघत होता.

"दाजी, लाकूड फुगलं तर सगळीकडून फुगेल. एकाच कोपऱ्यात कसं?"

"तू जमिनीला भोकं पाड. लाकडाचं मला नको शिकवूस."

"जमिनीचंच विचारतोय. छपराचं पाणी कुठं जातं तुमच्या?"

मागच्या भिंतीशी एक बीळ होतं, त्यात जायचं. कितीही पाऊस पडो, बीळ कधी भरलं नाही. गटार खणायचे कष्ट वाचले, म्हणून सुतार त्या बिळावर भारी खूश होता.

मेहुण्याने बिळात दगड टाकला. वाकून कान दिला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"पोरीला पुढच्या खोलीत आणा. आत्ता."

"बाळ आत्ताच कुठं झोपलंय. उठलं की हलवू."

खाली.

चार वर्षं सगळ्या छपराचं पाणी एकाच जागी ओतलं गेलेलं. माती नळीतून कधीच निघून गेली.

फरशीखाली अंधार.

वर.

"बाबा, दार उघडत नाही. भिंतीला चीर गेलीय."

भर दुपार होती. खिडकीकडून जायची सोय नव्हती. तिकडचं अंगण विहिरीएवढं खचलं होतं. सुताराने कुऱ्हाड उचलली. मेहुण्याने त्याचं मनगट धरलं.

"घाव घातलात तर खोली बसेल, दाजी."

तेव्हा कुठे त्याने चौकटीकडे नीट पाहिलं. चौकट तिरकी झाली होती. दार काटकोनात होतं, पहिल्या दिवशीसारखं. आजार भिंतीला, आणि औषध त्याने दोनदा दाराला दिलं होतं.

गिरमिटाने भोक. भोकातून बारीक पात्याची करवत.

"भिंतीला टेकू नकोस. दाराशी बस."

"बसलेय."

"आणि रडू नकोस."

"तुम्हीच रडताय, बाबा."

वीतभर चौकोन सुटला. त्यातून बाळ बाहेर आलं आणि आजीच्या हातात गेलं. ती त्याला छातीशी धरून पळतच रस्त्यावर गेली. लेकीचे खांदे मावेनात. अजून वीतभर हवं होतं. सागाच्या जाड फळ्या, दोन पिढ्या हलणार नाही म्हणून त्यानेच हौसेने जोडलेल्या.

"बाबा, पलंग गेला."

सगळे थांबले. पलंग पडल्याचा आवाज यायला हवा होता.

"मामाचा हात धर," सुतार म्हणाला.

चौकोनातून तिचा हात बाहेर आला. मेहुण्याने मनगट दोन्ही हातांनी आवळलं आणि पाय चौकटीला रोवले. सुतार करवत ओढत राहिला. सावकाश. घाई केली की पातं अडकतं.