वर्षाच्या नाकावरून पाहिलेली तीज

मित्रांनो, मी एक वयोवृद्ध मुरूम आहे. रस्त्यावर अंथरतात तो नव्हे, तोंडावर उगवतो तो. आमच्या कुळात आठवडाभर टिकलेल्याला सगळे आजोबा म्हणतात. मी आषाढात जन्मलो आणि आता शेतात कपाशीची बोंडं फुटायला लागली आहेत. यावरून माझ्या वयाचा आणि अनुभवाचा अंदाज करा.

माझा मुक्काम ढाणकीजवळच्या एका बंजारा तांड्यात, वर्षा धावजी राठोड हिच्या नाकाच्या शेंड्यावर. हा पत्ता सांगताना माझी छाती फुगते. मला वेगळी छाती नसल्यामुळे मी सगळाच फुगतो. माझे कितीतरी भाऊबंद कपाळावर केसांच्या आडोशाने जगले आणि कुणाला न कळता गेले. मला मात्र शेंडा मिळाला. वर्षा कुठेही गेली तरी तिथे आधी मी पोचायचो.

माझ्या जन्माबद्दल घरात बऱ्याच अफवा आहेत, त्या आधी खोडून काढतो. (घरात सगळे गोरबोली बोलतात, पण तुमच्या सोयीसाठी मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगतो.) वर्षाची याडी, म्हणजे आई, बसंतीबाई. तिचं म्हणणं, पोरीनं आंबे लय खाल्ले, उष्णता निघाली. वडील धावजी म्हणतात, मोबाइलमुळे झालं. धावजी सोयाबीन पिवळं पडलं तरी मोबाइललाच बोलतात. मोठा भाऊ बबलू म्हणतो, ही तोंडच धूत नाही. हा तर निव्वळ आरोप आहे. वर्षा इतक्यांदा साबणाने तोंड घासायची की घरातली साबणाची वडी तिला पाहून आकसायची.

खरी हकिगत अशी. तुमच्या त्वचेला बारीक बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्या बुडाशी तेलाच्या इवल्या पिशव्या. लहानपणी या पिशव्या झोपून असतात. वयात येताना अंगात हार्मोन वाढतात आणि पिशव्या एकदम जाग्या होऊन घाण्यासारखं तेल काढू लागतात. त्यातच त्वचेच्या मेलेल्या पेशी छिद्राच्या तोंडाशी बुचासारख्या बसतात. आत तेल तुंबतं. जे जंतू एरवी सगळ्यांच्याच त्वचेवर गुपचूप राहतात, त्यांना ही पंगत वाटते. ते वाढतात, मग शरीर त्यांच्यावर फौज पाठवतं, मारामारी होते, लाली येते, सूज येते, पू होतो. तो सगळा गोंधळ म्हणजे मी. यात मळाचा किंवा आळसाचा काही संबंध नाही. घराण्याचा मात्र असतो. धावजींच्या दोन्ही गालांवर जुने खड्डे आहेत. ती आमच्या पूर्वजांची गावठाणं.

तर मी जन्मलो आणि वर्षाने मला आरशात पाहिलं. तिने जी किंकाळी फोडली, ते माझं बारसं.

त्या वेळी बबलूला गजकर्ण झालं होतं. डॉक्टरकडे न जाता त्याने मेडिकलमधून एक ट्यूब मागून आणली होती. या घरात एकदा ट्यूब आली की ती सगळ्यांची असते. बबलूच्या मांडीला लागली, धावजींच्या टाचेला लागली, शेळीच्या कानाला लागली. शेळीनंतर माझा नंबर आला.

खोटं कशाला बोलू, ट्यूब लावल्यावर मी गायबच झालो. वर्षाचा चेहरा असा उजळला की शेजारची तिची मैत्रीण राखी म्हणाली, "काय लावून राह्यली वं? आमाले बी सांग." वर्षाने सांगितलं नाही. पण त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते सूज दाबून टाकतं, वरून सगळं छान दिसतं, आणि आत त्वचा पातळ होत जाते. ट्यूब संपली आणि मी परत आलो. जाताना एकटा होतो, येताना वऱ्हाड घेऊन आलो. गालांवर, हनुवटीवर, जिथे जागा मिळेल तिथे मंडळी उतरली. नाकाचा शेंडा अर्थात माझाच राहिला. आता मी हरभऱ्याएवढा होतो.

आणि नेमका श्रावण आला. श्रावणात तांड्यात तीज असते. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत काळी माती भरून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत त्याला पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीनंतर उगवलेली रोपं, तीच तीज, नाल्यात शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. गाण्यात एकजण पुढे म्हणते, बाकीच्या मागून झेलतात. पुढे म्हणण्याचा मान यंदा वर्षाला मिळाला होता. लहान असल्यापासून ती मागच्या रांगेत बसून या मानाची वाट पाहत होती. शेळ्यांमागे फिरताना तिने सगळी गाणी पाठ केली होती. शेळ्यांनाही निम्मी येत असावीत.

पण आता ती घरातसुद्धा तोंडाला स्कार्फ बांधून बसायची. फक्त डोळे दिसायचे. उन्हाळ्यात स्कुटीवर बांधतात तसा, श्रावणात, चुलीपुढे.

"तीजेत बी असंच जाशीन का?" बसंतीबाईने विचारलं.

"पाहू," स्कार्फ म्हणाला.

पेरणीच्या संध्याकाळी एक गमतीचा विधी असतो. बोरीची काटेरी फांदी रोवतात आणि पोरी तिच्या काट्यांवर भिजवलेले हरभरे टोचतात. त्या टोचत असताना भाऊ लोक फांदी गदागदा हलवतात. बोटं सोलतात, हरभरे उडतात, सगळा तांडा हसतो. यंदा फांदी बबलूच्या हातात होती आणि तो ती भूत उतरवल्यासारखा हलवत होता. त्या झटापटीत वर्षाचा स्कार्फ काट्यात अडकला आणि सुटून आला.

राखीने मला पाहिलं. वाईट पोरगी नाही ती, पण जीभ तिला विचारून हलत नाही. ती ओरडली, "अवं वर्षे, एक हरभरा तुह्या नाकावरच राह्यला!"

हशा असा झाला की फांदी हलवायचं बबलू विसरला. मला प्रामाणिकपणे सांगू द्या, मला अभिमान वाटला. साऱ्या तांड्यासमोर माझा नावानिशी नसला तरी मापानिशी उल्लेख झाला होता. मग वर्षाचं नाक गरम झालं. तिच्या डोळ्यांतलं पाणी घरंगळत माझ्या बाजूने गेलं, खारट होतं, आणि माझा अभिमान जरा ओशाळला.

ती गोठ्यामागे गेली. तिच्या मुठीत बोरीचा काटा होता. तिचा हिशोब सोपा होता: ज्या काट्यावर हरभरा टोचतो, त्यावर हाही टोचावा. मित्रांनो, तिने मला टोचलं. मग दोन्ही बोटांनी पिळलं. थोडा पू बाहेर आला, पण पिळल्यामुळे निम्मा आत खोल गेला आणि काट्यावरचे नवे जंतूही सोबत गेले. सकाळी मी हरभऱ्याचं बोर झालो होतो. नाक लाल, वरचा ओठ सुजलेला, अंगात कणकण.

"मी नाही गात," वर्षा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "राखीले सांगा."

राखी दारातच उभी होती. "मले कायले सांगता? मी पुढं म्हनली तं गहू उगवाचा नाही. चुकलं माह्यं, वर्षे."

वर्षाने पांघरूण डोक्यावर ओढलं. धावजींनी मोटरसायकल काढली आणि तिला उमरखेडला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दिपालीबाई त्यांचं नाव, मूळच्या वणीच्या. त्यांनी भिंग लावून माझ्याकडे पाहिलं. इतक्या आदराने मला आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

"काय टोचलंस?"

"बोरीचा काटा."

"आणि त्याआधी काय लावलंस?"

वर्षाने ट्यूबचं रिकामं टरफल काढून दाखवलं.

"ही कुणाची?"

"भियाची, बबलूची. गजकर्णाची. बाच्या टाचेले बी लावली. अन् शेळीले."

बाईंनी पेन खाली ठेवला. "शेळी कशी आहे?"

"बरी आहे जी," धावजी गंभीरपणे म्हणाले.

मग बाईंनी नीट समजावलं. असली ट्यूब चेहऱ्याला पुन्हा लावायची नाही, आणि बबलूनेही गजकर्ण दाखवायला यायचं, कारण स्टेरॉइडने तेही आतल्या आत पसरतं. आधी सुजेच्या गोळ्या, त्या पूर्ण संपवायच्या. सूज उतरली की रात्री जेल, तुरीच्या डाळीएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं. एकट्या मुरमावर थापायचं नाही. (हे मला जरा लागलं.) सुरुवातीला त्वचा कोरडी पडेल, थोडी सोलेल, घाबरायचं नाही. उशीच्या अभ्र्याचा रंग उडेल, त्यालाही घाबरायचं नाही. तोंड दोनदाच धुवायचं, सौम्य साबणाने. लिंबू, सोडा, टूथपेस्ट यांना स्वयंपाकघरात आणि मोरीत राहू द्यायचं. उन्हात जाताना सनस्क्रीन. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही.

"गोकुळाष्टमीपर्यंत हे जाईन का?" वर्षाने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "सूज उतरेल, मुरूम राहतील. दोन-तीन महिने नेमाने करशील तेव्हा चेहरा निवळेल. आणि हा स्कार्फ सोड. घामाने ओला होतो, दिवसभर घासतो, त्यानेही वाढतं. घरात, सावलीत तोंड मोकळं ठेवायचं. हे औषधच समज."

वर्षाने ऐकलं आणि बाहेर पडल्याबरोबर स्कार्फ बांधला.

त्या संध्याकाळी ती तीजेच्या गाण्याला गेली, पण स्कार्फ बांधूनच. राखीने तिला ओढत नेलं होतं. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, अंगणात टोपल्या मांडल्या होत्या, पोरी कळशा घेऊन उभ्या होत्या. वर्षाने पहिली ओळ उचलली. मी नाकावर, अगदी उगमापाशी होतो, म्हणून मला ऐकू आली. बाकी कुणाला आली नाही. मागच्या पोरींनी काय झेलायचं तेच कळेना, म्हणून अर्ध्या जणींनी एक गाणं म्हटलं, अर्ध्यांनी दुसरं, आणि एकीने बहुतेक मोबाइलवरचं कसलं तरी.

ओट्यावर तांड्यातली सगळ्यात म्हातारी हंसाबाई बसली होती. तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "कोन गाऊन राह्यलं? आवाज पोत्यातून येऊन राह्यला."

"वर्षा होय," कुणीतरी सांगितलं.

"मंग पोतं काढ ना माय. मले गानं आयकाचं हाय. तुहं नाक मले तसंबी दिसत नाही."

कुणी हसलं नाही. बसंतीबाई कळशी खाली ठेवत एवढंच म्हणाली, "डाक्टरीन बी तेच म्हने."

वर्षाचा हात स्कार्फच्या गाठीपाशी गेला. स्कार्फच्या आतला तिचा श्वास माझ्यावर आदळत होता, गरम, भराभर. मग तिने गाठ सोडली.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. नायकाचं अख्खं अंगण, कंदिलासारखा लोंबणारा तो एकुलता बल्ब, आणि सगळ्यांची नजर माझ्यावर. मी सुजलेला होतो, लाल होतो, चकाकत होतो. याहून चांगला मी कधीच दिसलो नसेन.

मग तिने ओळ उचलली. आवाज अंगणातून निघाला, गोठ्यावरून गेला आणि पार नाल्यापलीकडे पोचला असावा, कारण तिकडची कुत्री गप्प झाली. पोरींनी ती झेलली. दुसरी ओळ, तिसरी. मी वाट पाहत होतो की आता कुणीतरी पुन्हा माझ्याकडे पाहील. राखी पाणी घालत होती. बबलू तोंड उघडं टाकून ऐकत होता. हंसाबाईचे डोळे मिटलेले होते. एकजणही माझ्याकडे पाहत नव्हता. इतका मोठा मी, इतका मध्यावर, आणि इतका दुर्लक्षित! पण काय सांगू, ते दुर्लक्षही मला भूषणच वाटलं. त्या आवाजाच्या सगळ्यात जवळ मी होतो. माझ्या बुडाखालचं नाक थरथरत होतं.

गहू उगवला. वर्षा रोज उघड्या तोंडाने गायली. गोळ्यांनी माझी सूज उतरली, मग जेल आलं, उशीच्या अभ्र्याचा रंग उडाला, माझं वऱ्हाड एकेक करून पांगलं. मी अजून आहे, पण आता तपकिरी डाग एवढाच. बाईंच्या मते तोही हळूहळू जाईल. जाण्याआधी एक विनंती करतो. तुमच्या तोंडावर माझा एखादा नातलग आला तर त्याला काट्याने टोचू नका, नखाने पिळू नका, घरातल्या शेळीची ट्यूब लावू नका. पिळलेला मुरूम खड्डा मागे ठेवून जातो आणि मग तुम्ही धावजींसारखे आमच्या पूर्वजांची गावठाणं गालावर वागवता. बरं वाटेना तर डॉक्टरांना दाखवा आणि औषधाला वेळ द्या. आम्ही घाईत जात नसतो. आणि दुसऱ्याच्या नाकावर आम्ही दिसलो तर मोठ्याने माप सांगू नका. आमचा मान होतो, पण नाक ज्याचं असतं त्याला रडू येतं.

तीज शिरवली त्या दिवशी बबलूने नाल्यावर वर्षाचा फोटो काढला होता. ती गातेय, डोक्यावर टोपली, टोपलीत पिवळट हिरवा गहू. परवा तो मोबाइल घेऊन आला. त्याने फोटोतल्या माझ्यावर एकदा बोट फिरवलं आणि नाक साफ गुळगुळीत झालं.

"पाह्य, गायब केला," तो ऐटीत म्हणाला.

वर्षाने फोटो पाहिला.

"परत आन."

"काहून वं? चांगलं दिसून राह्यलं."

"मी गायली तवा होता ना तो. आन परत."

बबलूने पुटपुटत बोट उलटं फिरवलं. तो फोटो आता बसंतीबाईने मोठा करून भिंतीवर लावला आहे. मी त्यात आहे. जरा फुगलेला आलोय, पण मधोमध.