नववं प्रकरण

"नानांना सांगा, नववं प्रकरण पुस्तकात राहणार," इंजिनियर एकोव अन्सा म्हणाले.

ओच्यामे एजिर यांनी सोनेरी मुठीची काठी सावरली आणि हातभर अंतरावर बसलेल्या राजेसाहेबांकडे वळून घसा खाकरला. "नाना, इंजिनियरसाहेब म्हणतात, आपल्या शब्दाचा त्यांना फार आदर आहे. नवव्या प्रकरणाचं बसून बोलता येईल."

"मी असं म्हणालो नाही."

"ते असंही म्हणतात, की आज ऊन फार आहे."

आमच्या असुआनो गावात राजाशी कुणी थेट बोलत नाही. बोलायचं ते ओच्यामेशी, म्हणजे राजाच्या मुखत्याराशी. तो ते राजाच्या कानी घालतो, आणि घालताना त्यात साखर घालतो. नानांना दोन्ही वेळा सगळं ऐकू जातं, पण पहिल्या खेपेला त्यांनी ते ऐकलेलं नसतं. या पद्धतीमुळे गावात आजवर कुणी राजाला उद्धट बोललेलं नाही.

एकोव यांनी एकतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर ते लेखक झाले. आमच्याकडे निवृत्त माणूस एक तर कोंबड्या पाळतो, नाही तर प्रवचनं देतो, त्यामुळे गावाला थोडी काळजी वाटली. त्यांचं पहिलं पुस्तक गटारांच्या उतारावर होतं. ते कुणी वाचलं नाही, म्हणून सर्वांनी वाखाणलं. दुसरं आसपासच्या पुलांवर. तेही असंच वाखाणलं गेलं असतं, पण छापखान्यात मजकूर तपासणारी बाई राजवाड्याच्या नात्यातली निघाली आणि तिनं ते खरोखरच वाचलं.

नववं प्रकरण गावच्या ओढ्यावरल्या पुलाचं होतं. बावीस वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, तो पूल आटा बायडूच्या ट्रकखाली कोसळला. कसाव्याच्या कंदांची पोती आणि पोत्यांवर बसलेल्या सात बायका ओढ्यात गेल्या. बायडू वाचला. चौकशीत ठरलं, की ट्रकमध्ये माल जास्त होता. बायडूचं लायसन्स गेलं, नाव गेलं. त्याच्या मुलींना शाळेत 'पूलमोड्याच्या पोरी' म्हणत. पूल बांधला होता नानांच्या भाच्यानं, बेन्त्सिलनं. आमच्याकडे गादी बहिणीच्या मुलाला जाते, म्हणजे हा उद्याचा राजा. आणि उद्याच्या राजाचा पूल पडत नसतो, तो कुणीतरी पाडलेला असतो.

पुस्तकाचं प्रकाशन गुरुवारी राजवाड्याच्या अंगणात व्हायचं होतं. प्रकाशनाला पहिली प्रत एखादा मोठा माणूस घसघशीत बोली लावून घेतो, मगच बाकीच्यांनी घ्यायची. मोठा माणूस म्हणून पत्रिकेवर बेन्त्सिलचं नाव होतं. पत्रिका राजवाड्यानंच छापली होती.

नाना ओच्यामेंच्या दिशेनं पुटपुटले, "विचार त्याला, मेलेल्यांना आता पूल परत हवाय का?"

"नाना विचारतात, त्या बायकांच्या आत्म्यांना आता शांत निजू द्यावं का."

"नानांना सांगा, मेलेल्यांचं नाही, जित्या माणसाचं चाललंय. बायडू अजून आहे. रोज स्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्या पुसतो. सळया पंचवीस मिलिमीटरच्या ठरल्या होत्या. पूल पडल्यावर मी ओढ्यात उतरून मोजल्या. बारा मिलिमीटर."

ओच्यामे अडले. मिलिमीटरात साखर कशी घालायची हे त्यांना वडिलांनी शिकवलं नव्हतं. "नाना, ते म्हणतात, पुलाचा बांधा जरा नाजूक होता."

मागे बसलेल्या मानकऱ्यांपैकी एकाला खोकला आला. बेन्त्सिल मात्र खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात म्हणाला, "एकोवकाका, आता वय झालं तुमचं. नातवंडांच्या गमती लिहा की. एक प्रकरण काढल्यानं काय पुस्तक पडतंय?"

"हेच तू सळयांबद्दल म्हणाला असशील."

या वेळी तिघा-चौघांना खोकला आला. नानांनी हात वर केला, आणि खोकला थांबला. मग ते सावकाश म्हणाले, "विचार त्याला. पूल तपासला, मजबूत आहे, असा दाखला खात्यानं दिला होता. त्यावर सही कुणाची?"

ओच्यामेंनी प्रश्न पुढे पोचवला नाही. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. ते एकोवकडे झुकून हळूच म्हणाले, "अरे, घरी जा तू. गुडघा दुखतोय म्हण. पुढचं मी नीट सांगतो."

"गुडघा ठणठणीत आहे," एकोव म्हणाले आणि उभे राहिले. "नानांना सांगा, सही माझी. शुक्रवार होता. शनिवारी मावशीचं अंत्यकार्य होतं. शिंप्याकडून काळे कपडे आणायचे होते, दुपारची गाडी गाठायची होती. मी पुलाकडे गेलोच नाही. टेबलावरच सही केली. पुढं पूल पडला, सळया मोजल्या, तेव्हा सगळं कळलं. चौकशीत मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नववं प्रकरण तिथूनच सुरू होतं. आणि एजिर, यात साखर घालू नकोस."

ओच्यामेंनी काठी सावरली. मग ते राजाकडे वळले.

"नाना, सही त्यांची. पूल न बघता केली. सळया बारा मिलिमीटरच्या होत्या. हे त्यांना ठाऊक होतं आणि ते गप्प बसले."

ओच्यामेंच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत प्रथमच एखादं बोलणं जसं निघालं तसं पोचलं. आता नानांनी ते ऐकलं होतं, आणि त्यावर काही इलाज नव्हता. ते उठले. छत्री धरणारा धावला. दरबार संपला. इंजिनियरांनी रिवाजाप्रमाणे भेट म्हणून आणलेल्या जिनच्या दोन बाटल्या न उघडता त्यांच्या हाती परत देण्यात आल्या. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. एकोव यांनी त्या दोन्ही काखेत मारल्या आणि भर बाजारातून, ओळखीच्या प्रत्येकाला रामराम घालत, घरी नेल्या.

गुरुवारी प्रकाशन ट्रक स्टँडवर झालं. सोड्याच्या उलट्या खोक्यांवर पुस्तकं मांडली होती. पन्नासेक लोक जमले. राजवाड्यात जे बोलणं झालं ते गावभर पोचलं होतं, तेही साखरेशिवाय. पण पहिली प्रत कुणी मोठ्या माणसानं घेतल्याखेरीज दुसरी घ्यायची कशी, म्हणून सगळे शिस्तीत उभे राहून कुणीच काही घेत नव्हतं.

बायडू ताकोराडी शहराला जाणाऱ्या गाडीची काच पुसत होता. ती पूर्ण झाल्यावर तो आला. एकोव यांनी पहिली प्रत त्याच्यासमोर धरली, आणि लेखकाच्या सवयीनं पेनाचं टोपण काढलं.

"सही नको," बायडू म्हणाला.

एकोव यांनी टोपण लावलं.

"माझी बायको मला वाचून दाखवायची सगळं. ती गेली. तुम्हीच वाचा. इथंच. खुर्चीत बसून नको."

इंजिनियर उठून उभे राहिले आणि त्यांनी नवव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य, त्या सहीचं, वाचलं.

"ऐकू नाही आलं," बायडू म्हणाला.

येणार कसं. कंडक्टर ताकोराडी, ताकोराडी ओरडत होते, सात गाड्यांची इंजिनं घुरघुरत होती. एकोव यांनी पुन्हा वाचलं, मोठ्यानं. गर्दीतल्या एका ड्रायव्हरनं जाऊन आपली गाडी बंद केली.

"ऐकू नाही आलं."

तिसऱ्यांदा वाचताना एकोव यांचा आवाज फाटला. दुसरी गाडी बंद झाली, मग तिसरी. कंडक्टर गप्प झाले. राजाची मिरवणूक गेली तरी आमच्या स्टँडवर कुणी इंजिन बंद करत नाही. आत बसलेल्या उतारूंपैकी एकानंही तक्रार केली नाही.

एकोव यांनी ते वाक्य चौथ्यांदा वाचलं.

बायडूनं हातातल्या फडक्याची नीट चौकोनी घडी घातली आणि ती खांद्यावर ठेवली.

"हं," तो म्हणाला. "पुढं."