दिपालीचा उजवा घोटा

दिपालीचा उजवा घोटा बोलतोय मी. या जगात मी तिच्या डोक्याच्या आधी आलो. कर्जत तालुक्यातल्या दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताला आधी पाय लागले, बाकीची दिपाली नंतर आली. म्हणून ती पायाळू. पायाळू माणसानं पाठीत लाथ घातली की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडं सगळे मानतात. त्यामुळं ती नीट चालायला लागली नाही तोच मोठमोठी माणसं अंगणात पालथी पडू लागली. तिचे वडील सूर्यभान अभिमानानं म्हणायचे, "घाल बाळा, जोरात घाल. पाव्हणे हायेत."

उसण उतरायची की नाही, देव जाणे. माणसं उठायची, चहा पिऊन जायची.

माझी घडण साधी आहे. आतला उंचवटा नडगीच्या हाडाचा, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचा. दोघांच्या कचाट्यात एक बुटकं हाड बसलंय. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. सगळे त्याच्या बाजूनं निघून जातात. अंगाचा भार मात्र सगळा त्याच्यावर. दिपाली लग्न होऊन सोनईजवळच्या वस्तीवर आली, तेव्हा या घरातलं ते हाड कोण, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ते चुलीपुढं भाकरी थापत होतं.

सून पायाळू आहे म्हटल्यावर सासूबाई झुंबरबाई खूष झाल्या. सकाळी दिपाली त्यांच्या पाया पडायची आणि दुपारी त्यांच्याच पाठीत लाथ घालायची. मग सगळी वस्ती पाठ धरून यायला लागली. घरात तिला मान वर करून बोलायची मुभा नव्हती, पण लाथ मारायची होती.

नवऱ्याचा, अंगदचा, हात लवकर उठायचा. कालवणात मीठ कमी पडलं, थोबाडीत. फोन उशिरा उचलला, केस धरून भिंतीवर. तिला मागं सरकवायचं काम माझं. पण खोली लहान होती.

एके दुपारी अंगदचा दोस्त मच्छिंद्र पाठ धरून आला. झुंबरबाईंनी त्याला ओसरीवर पालथं पाडलं. दिपालीनं पदर खोचून लाथा घातल्या. मच्छिंद्र तडक टपरीवर गेला आणि चारचौघांत म्हणाला, "अंगद्या, वहिनीची लाथ लई गुणाची हाय बरं! तुला रोज मिळती का?"

सगळे हसले. अंगदही हसला. मग ट्रॅक्टर घेऊन घरी आला, चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी हातात घेऊन आत शिरला.

"कंच्या पायानं मारलीस गं त्याला?"

"आत्यांनीच सांगितलं हुतं..."

"पाय कंचा?"

तिनं मला पुढं केलं नाही. त्यानंच तिला खाली पाडून मला ओढलं, आणि टॉमी बाहेरच्या बाजूनं बसली. बारीक हाड कडकन तुटलं. आतले बंध ओल्या सुतळीसारखे फाटले. बुटकं हाड जागचं सरकलं, पाऊल नको त्या दिशेला बघायला लागलं. दिपाली ओरडली, तो आवाज मला टाचेपर्यंत जाणवला. अंगदनं दुसरा घाव घालायला टॉमी डोक्याच्या वर नेली, कमरेतून पिळला, आणि तिथंच अडकला. टॉमी हातातून पडली. तो कमर धरून आडवा झाला.

"मेलो! आये, मेलो!"

झुंबरबाई धावत आल्या. एका नजरेत सगळं बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "उठ गं! उसण भरली त्याला. तीन लाथा घाल."

"माझा पाय मोडलाय, आत्या."

"उजवा मोडलाय न्हवं? मग डाव्यानं घाल. पायाळू तू हायेस."

दिपालीनं माझ्याकडं बघितलं. मी वांग्यासारखा जांभळा होत होतो.

"डाव्यानं घालते," ती हळूच म्हणाली. "पन मग हुबी कशावर ऱ्हाऊ?"

झुंबरबाईंनी तिच्या दोन्ही पायांकडं आळीपाळीनं बघितलं. मुलगा तर किंचाळत होता. शेवटी त्यांनीच टेम्पो बोलावला. आम्ही सगळे नगरला एकाच टेम्पोत गेलो, नवरा-बायको शेजारी-शेजारी झोपून. लग्नानंतरचा त्यांचा पहिला प्रवास.

"ही बाथरूमात घसरली," झुंबरबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "आन त्यो खताची गोणी उचलताना."

डॉक्टरांनी दिपालीकडं बघितलं. तिच्या डोळ्याखालचा जुना डाग पिवळा पडला होता. ती घरात फारसं बोलत नसे, पण इथं बोलली, "टॉमीनं मोडला. आन दुसरा घाव घालताना त्यांची पाठ भरली."

एकाच दमात दोन्ही पेशंट उलगडले. मग हवालदार आला.

आता माझ्यात स्टीलची पट्टी आहे, स्क्रू आहेत. थंडीत ते आधी गार होतात. आम्ही माहेरी राहतो. माझ्यासारखा सुजलेला घोटा कुणाच्या पायाला दिसला, तर मुरगळला असेल म्हणून पुढं जाऊ नका. थांबून विचारा, एवढंच मागणं आहे.

आज सकाळी अंगद आला, कमरेत वाकलेला, आईच्या आधारानं. केस मागं घे आणि एकदा पाय लाव, म्हणाला. सूर्यभान खाली बघत पुटपुटले, "नवरा हाय बाळा." अंगद अंगणात पालथा पडला आणि वाट बघू लागला.

दिपालीनं कुबडी भिंतीला टेकवली. सगळं वजन माझ्यावर टाकलं. मी थरथरलो, पण कलंडलो नाही. एकेक पाऊल टाकत ती त्याच्या पाठीपाशी आली.

"डॉक्टरांनी आजपासनं चालायला सांगितलंय," ती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून रस्त्याला लागली.

"आगं, त्याला उठव तरी!" मागून झुंबरबाई ओरडल्या.

मला खूप दुखत होतं. पण मी मागं वळलो नाही.