अर्धवट राहिलेला अपमान

बिबवेवाडीतल्या आमच्या गॅलरीचा मूळ रंग कोणता, हे आता फक्त बिल्डर सांगू शकेल. वर कबुतरांच्या घाणीचा थर आहे. हिरवट, पांढरा, मध्ये पिसं. वाढदिवसाच्या केकसारखा, फक्त वास वेगळा. हिंमतरावकाका रोज सकाळी तिथे खिशातून मूठभर ज्वारी काढून टाकतात. पुण्य लागतं म्हणे. कबुतरं ज्वारी खातात आणि पुण्य तिथल्या तिथे परत करतात.

मी नोकरीसाठी काकांकडे राहतो, त्यामुळे पुण्य खरवडायचं काम माझं. काका शेजारी उभे राहून चुका काढतात. सुकलेल्या थराची भुकटी उडते, नाकातोंडात जाते. चवीचं वर्णन करत नाही. तुम्ही जेवत असाल.

पावसाळ्यापासून काकांना धाप लागत होती. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून ते सोसायटीच्या सूचना वाचायचे. ‘येथे थुंकू नये’ हे इतकं मन लावून कुणीच वाचलं नसेल. यमुनाकाकूंचं निदान गॅस, उपाय ओवा. काकांचं निदान वय, उपाय नाही. मला कुणी विचारलं नाही.

रविवारी गॅलरीत ठेवलेल्या माझ्या हेल्मेटात कबुतराची अंडी सापडली. खाली अर्थातच पुण्य. मी ती काढणार, तेवढ्यात खुर्चीतून काका गरजले, “गाढवा, तुझ्या बापानं तुला इथं...”

आणि थांबले. पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकले.

“तुझ्या बापानं...”

पुन्हा थांबले. ओठ जांभळट दिसत होते.

काका अपमान अर्धवट सोडत नाहीत. रिक्षावाला निघून गेला तरी मागून ओरडून पूर्ण करतात.

“काकू, ॲम्ब्युलन्स बोलवतोय.”

“अरे, आधी ओवा तर चावू दे त्यांना!”

“काकू, त्यांना माझा अपमानही पूर्ण करता येत नाहीये.”

काकूंच्या हातातून ओव्याची डबी पडली.

हॉस्पिटलात काकांना ऑक्सिजन लावून डॉक्टर बिलकिस बाहेर आल्या. “पावसाळ्यापासून धाप लागतेय? मग वाट कसली बघत होतात?”

“वाक्य पूर्ण व्हायची,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. “धाप वाढत चालली की तेव्हाच दाखवायचं. आणि बसल्या जागी धाप, निळे ओठ, छातीत दुखणं, एक वाक्य सलग न बोलता येणं, यातलं एक जरी दिसलं तरी तडक इथे. ओवा नंतर.”

हृदय, दमा, रक्त कमी आहे का, सगळं तपासून झालं. मग त्यांनी विचारलं, “घरात पक्षी?”

मी हेल्मेट पुढे केलं. ते अजून माझ्या हातातच होतं.

डॉक्टर दोन पावलं मागे सरकल्या. “ही वाळकी घाण श्वासातून जाते. सगळ्यांना नाही, पण काहींच्या फुप्फुसांना त्यानं सूज येते. यांना आलीय. दाणे बंद. नाहीतर पुढच्या वेळी उशीर होईल.”

काही दिवसांनी काकांचा मास्क निघाला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“तुझ्या बापानं तुला इथं माणूस व्हायला पाठवलं होतं, अंडी चोरायला नाही.”

एका दमात. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात खिडकीत कबुतर बसलं आणि लगेच काचेवर पुण्य सोडलं. काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. हॉस्पिटलच्या गाऊनला खिसा नव्हता. हात तिथेच घुटमळला. काकांनी काचेवरून खाली येणारा ओघळ शेवटपर्यंत पाहिला.

“शी,” ते म्हणाले. “हाकल त्याला.”