देल्फिना बाईंसाठी राखलेली वाईन

देल्फिना बाईंच्या पत्राला सेलेस्तीनोने उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली होती. पत्र तसं लहानच होतं. सावोनाच्या शाळेत बदली होऊन गेल्यावर बाईंनी लिहिलं होतं: 'आपण मिळून खुडलेल्या त्या द्राक्षांची वाईन पिण्याजोगी झाली की कळवा. मी येईन. मग परत जायची घाई करणार नाही.'

शेवटचं वाक्य सेलेस्तीनोला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, तिथेच तर सगळं घोडं अडलं. वाईन तयार झाल्याशिवाय 'तयार झाली' असं लिहायचं कसं? आणि 'अजून नाही' एवढंच सांगायला तिकीट कशाला खर्चायचं?

द्राक्षं खुडली त्या वर्षी बाई सेलेस्तीनोच्या माडीवर भाड्याने राहत होत्या. नेब्बिओलो हे द्राक्षच मुळात आळशी. सगळ्या टेकडीची तोडणी आटोपते, धुकं उतरतं, तरी ते आपलं वेलीवर लोळत असतं. बाई शाळा सुटल्यावर कात्री घेऊन मळ्यात यायच्या आणि सेलेस्तीनोपेक्षा भरभर टोपल्या भरायच्या. पुस्तकं वाचून वाचून त्याने तेव्हा आजोबांची जुनी रीत धरली होती. साली वर तरंगू नयेत म्हणून पिंपात चेस्टनटच्या फळ्या आडव्या ठोकायच्या आणि साली रसात बुडवून ठेवायच्या, त्या थेट नाताळ तोंडावर येईपर्यंत. शेजारी हसले. "वाईन करतोयस की चामडं कमावतोयस?" म्हणाले. मग ती वाईन ओकच्या अजस्र पिंपात काही वर्षं झोपली आणि तिथून बाटल्यांत गेली. रंगाला फिकी, पेल्यापलीकडचं बोट दिसावं इतकी; पण घोट घेतला की जिभेला अशी मिठी बसायची, की माणसाने पुढची दहा मिनिटं बोलू नये.

दरवर्षी नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास, सेलेस्तीनो तळघरात उतरे. एक बाटली उघडे, तिथेच थंडीत उभ्या उभ्या एक घोट घेई, तोंड वाकडं करी आणि बूच परत ठोकून वर येई. "अजून नाही," असं म्हणून बाटली बहिणीपुढे ठेवी. "स्वयंपाकाला घे."

थोरली बहीण एर्मेलिंदा नवरा वारल्यावर सेलेस्तीनोकडेच राहायला आली होती. ती स्वयंपाकाला घेई.

या वर्षी वाईनची चव बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, एक वेगळी गोष्ट घडली. सेलेस्तीनो स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता आणि तो चष्मा दुरुस्तीला आल्बाला गेला होता. त्यामुळे कितीतरी वर्षांनी तो पुढ्यात पुस्तक न धरता जेवायला बसला. पानात मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि वाईनमध्ये मंद शिजवलेलं मांस होतं. दोन घास खाऊन तो थबकला.

"रस्सा आज वेगळाच झालाय."

"वेगळा? सहा-सात वर्षं हाच खातोयस, बाबा. आज डोळे पानात आहेत म्हणून कळलं."

"गुलाबाचा वास येतोय. यात घातलंस काय?"

"तुझी वाईन. ती तळघरातल्या मागच्या फळीवरची."

सेलेस्तीनोच्या हातातला काटा तसाच राहिला. "मी दिलेली एकच ना?"

"सणासुदीला एका बाटलीत काय होतंय? तूच म्हणतोस ना, पिण्याजोगी नाही म्हणून? मग काय, आंघोळ करू तिने? पाद्रीबाबांनी ईस्टरला दोनदा रस्सा मागून घेतला. पाव बुडवून बुडवून खाल्ला."

"एर्मेलिंदा! उरल्या किती?"

"चार. ओरडू नकोस, आणि हे पी आधी."

कालपासून चुलीशेजारी उघडी राहिलेली बाटली तिने त्याच्या पेल्यात रिकामी केली. सेलेस्तीनोने भीतभीतच घोट घेतला. वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, मागून उन्हात तापलेल्या डांबराचा वास, आणि तुरटपणा होताच. पण आता तो जीभ धरून बसत नव्हता, म्हाताऱ्याच्या ताठ पाठीसारखा नुसता आधाराला उभा होता.

"हे माझ्या हातचं आहे?"

"नाही, पोपच्या! अरे, तू त्या गारठ्यात बूच काढतोस आणि लगेच तिच्या अंगावर धावून जातोस. झोपेतून उठवल्या उठवल्या माणूस तरी गोड बोलतं का?"

"माहीत आहे. सगळ्या पुस्तकांत लिहिलंय."

"मग?"

सेलेस्तीनो पोलेंताकडे बघत राहिला. वाईन तयार झाली असती तर पत्र लिहावं लागलं असतं. तो म्हणाला, "बाईंनी लग्न केलं असेल."

"नाही केलं. दर नाताळात कार्ड येतं मला."

"तुला?"

"तू उत्तर देत नाहीस, मी देते. दर वेळी विचारतात, वाईन कशी आहे. मी लिहिते, त्यालाच विचारा."

"अजून विचारतात?"

"गेल्या नाताळापर्यंत तरी विचारत होत्या. पुढचं मी काय सांगू?"

त्याच दुपारी तो कागद घेऊन बसला. आजवर त्याने या पत्राचे कितीतरी कागद फाडले होते. लिहायचं, परत वाचायचं, लाजायचं, फाडायचं. आज चष्मा नव्हता. अक्षरं द्राक्षाएवढी काढावी लागली आणि लिहिलेलं परत वाचण्याची सोयच उरली नाही.

'बाई, वाईन तयार आहे. बहुधा बरीच वर्षं तयार असावी, मला उशिरा कळलं. चार बाटल्या शिल्लक आहेत, बाकीच्या एर्मेलिंदाने शिजवल्या. यायच्या आदल्या दिवशी कळवा, म्हणजे बूच काढून ठेवीन. माडी रिकामी आहे. घाई करू नका. सेलेस्तीनो.'

"वाचून दाखवतेस?" त्याने विचारलं.

"मुळीच नाही," एर्मेलिंदाने पाकीट चाटून बंद केलं. पत्ता तिला तोंडपाठ होता. "चष्मा गुरुवारी येतोय. त्याच्या आधी पेटीत टाक म्हणजे झालं."

सोमवारी सकाळी चौकात इतकं धुकं होतं, की तंबाखूच्या दुकानाशेजारची लाल पेटी त्याला चाचपडत शोधावी लागली. 'बाई' एवढंच लिहिलं ते फार कोरडं झालं का? माडीचा उल्लेख आगाऊपणाचा वाटेल का? त्याने पाकीट अगदी नाकाशी धरलं. काहीही वाचता आलं नाही. मग त्याने ते पेटीच्या फटीत सारलं आणि बोटं सैल केली. तळाशी कागद पडल्याचा आवाज आला.